सात दिवस, आठ केळी आणि माझी वही

दिवाळीचा फराळ संपला आणि त्याच आठवड्यात माझा रिपोर्ट आला. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी तपासणी ६.२. ही ५.७ च्या आत असली की ठीक, ६.५ ला मधुमेह. म्हणजे मी मधल्या पट्टीत, तीही वरच्या टोकाकडे. डॉक्टरांनी वजन केलं, ७८.४ किलो. उंची १५८ सेंटिमीटर. कमरेला टेप लावली तर ९८. आपल्याकडच्या बायकांना ८० च्या पुढे धोका धरतात. ‘मॅडम, गोळी नको असेल तर पाच-सहा किलो उतरवा आणि रोज अर्धा तास चाला,’ एवढंच ते म्हणाले.

माझी आई पन्नाशीत इन्सुलिनवर गेली. तिच्या पायाची जखम आठ महिने भरत नव्हती, ती मी रोज धुतलेली आहे. त्यामुळे घरी येताना माझ्या डोक्यात ते पाच-सहा किलोच घुमत होते आणि मला ते लवकर उतरवायचे होते.

लवकर उतरवण्याचा कागद स्टाफरूममध्ये होताच. जीएम डाएट. गेली कित्येक वर्षं तो झेरॉक्स होऊन, मग मोबाइलवर फोटो होऊन फिरतोय. सात दिवसांचा कार्यक्रम. पहिल्या दिवशी फक्त फळं, केळं सोडून. दुसऱ्या दिवशी फक्त भाज्या, सकाळी एक मोठा उकडलेला बटाटा. तिसऱ्या दिवशी फळं आणि भाज्या दोन्ही, पण बटाटा आणि केळं नाही. चौथ्या दिवशी आठ केळी आणि तीन ग्लास दूध. पाचव्या दिवशी सहा टोमॅटो आणि मूळ कागदात गोमांस. आपल्याकडच्या कागदांत त्या जागी मोड आलेली कडधान्यं, पनीर किंवा वाटीभर भात. सहाव्या दिवशी मोड, पनीर आणि भाज्या. सातव्या दिवशी हातसडीचा भात, भाज्या आणि फळांचा रस. रोज दहा-बारा ग्लास पाणी. भूक आवरेनाशी झाली तर कोबी, कांदा, टोमॅटो, ढोबळी मिरचीचं सूप हवं तेवढं. आणि खाली ठळक अक्षरांत: ५ ते ७ किलो.

कागदावर असंही होतं की हा आहार अमेरिकेतल्या जनरल मोटर्स कंपनीने १९८५ मध्ये आपल्या कामगारांसाठी तयार करवून घेतला, तिथल्या कृषी खात्याने मदत केली आणि जॉन्स हॉपकिन्समध्ये त्याची चाचणी झाली. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, म्हणून आधी तेच शोधायला बसले. दोन रात्री शोधलं. ज्याला पुरावा म्हणता येईल असं काहीही मिळालं नाही, जिकडे तिकडे तीच चार वाक्यं. टोमॅटो आणि भरपूर पाण्याने युरिक ॲसिड धुऊन निघतं, हे पाचव्या दिवसाचं स्पष्टीकरणही मला पटलं नाही. तरी मी करायचं ठरवलं. सात दिवसच तर आहेत, असं वाटलं. आणि आईचा पाय डोळ्यांसमोर होता.

एक गोष्ट मात्र मी केली. प्रॅक्टिकलची कोरी वही घेतली आणि रकाने आखले: सकाळचं वजन, काय खाल्लं, किती वाजता भूक लागली, झोप. वजन रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी, त्याच गाऊनमध्ये. पुढे मला जे काही कळलं ते या वहीमुळे कळलं.

आम्ही सावद्याला राहतो. रावेर तालुका, केळ्यांचा मुलूख. सासऱ्यांची, नानांची, तीन एकर केळी आहे. आमच्या ओसरीत बाराही महिने एक घड टांगलेला असतो आणि येता-जाता हात लांबवून केळं तोडणं ही घरातल्या प्रत्येकाची सवय. पहिल्या दिवशी सगळी फळं चालतात आणि केळं चालत नाही, हे या घरात फार अवघड होतं. कागद म्हणतो कलिंगड आणि खरबूज भरपूर खा, पण नोव्हेंबरच्या शेवटी बाजारात होते पेरू, पपई आणि संत्री. मी दिवसभरात चार पेरू, पाच संत्री आणि एक अख्खी पपई खाल्ली. दुपारपर्यंत काही वाटलं नाही. सहा वाजता हात कापायला लागले म्हणावं एवढी भूक. पुन्हा पपई. तिसऱ्यांदा समोर आली तेव्हा तिचा वासही नको झाला. रात्री साडेनऊलाच झोपले. थंडी नेहमीपेक्षा जास्त वाजत होती, पायांत मोजे घालून झोपावं लागलं.

दुसरा दिवस रविवार होता आणि त्याच दिवशी शेजारच्यांच्या शेतात भरिताचा कार्यक्रम. खानदेशात हिवाळ्यात हे चुकत नाही. बामणोदकडची मोठी, हिरवट-पांढरी, कमी बियांची वांगी, तुराट्या-पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली. आमच्या जिल्ह्याच्या केळीला आणि या भरिताच्या वांग्याला, दोघांनाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. वांगी सोलून बडगीत ठेचतात, मग हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेल. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. मी तिथे गेले. न जाणं बरं दिसलं नसतं आणि वांगं तर भाजीच आहे. फोडणीत पडायच्या आधीचं दोन वाट्या भरीत बाजूला काढून घेतलं, मीठ, लिंबू, कोथिंबीर आणि जाळावर भाजलेली मिरची. मी मनापासून सांगते, ते अप्रतिम लागलं. वांग्याला स्वतःचा गोडवा असतो आणि धुराचा वास तेलाशिवाय जास्त कळतो, हे मला त्रेचाळीस वर्षं खानदेशात राहून त्या दिवशी कळलं. पण भाकरी नसल्याने अर्ध्या तासात पोट रिकामं. सगळे पंगतीत, मी काकडी चावत बांधावर. शेजारच्या काकू दोनदा येऊन गेल्या, ‘एक पुरी खा गं, कोण बघतंय?’ वही बघणार होती.

संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं. मी आधी म्हटलं उपाशीपणाचं. पण वही लिहिताना लक्षात आलं की दोन दिवस चहा नाही. एरवी माझे दिवसाला चार कप, दुधाचे, प्रत्येकात दोन चमचे साखर. कागदावर बिनसाखरेचा कोरा चहा चालतो असं होतं, पण मला तो आवडत नाही म्हणून सोडूनच दिला होता. रात्री कोरा चहा केला, तासाभरात डोकं उतरलं. मग तसाच हिशेब मांडला: आठ चमचे म्हणजे जवळजवळ ४० ग्रॅम साखर, १६० किलोकॅलरी, रोज, आणि हे मी कधी ‘खाणं’ म्हणून मोजलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी काटा ७६.४. दोन दिवसांत दोन किलो. मी बाथरूमच्या दारातच उभी राहून यांना हाक मारली. अठरा वर्षं मी ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवून ठेवलेली साखर, शिकवते. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये ४०० ग्रॅमच्या आसपास साठा असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं, हे मी फळ्यावर आकृती काढून समजावते. पोळी-भात-भाकरी बंद झाली की हा साठा वापरला जातो आणि त्याचं पाणी लघवीवाटे जातं. शेव-लोणचं-पापड बंद म्हणून मीठ कमी, त्याचं पाणी वेगळंच. हे सगळं मला ठाऊक होतं. पण काट्यावरचा आकडा बघताना मनात एकच होतं: चरबी गेली, आईसारखं होणार नाही. भीती असली की शिकलेलंही बाजूला सरतं.

त्या दिवशी कॉलेजात स्टार्चचं प्रात्यक्षिक होतं. बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकायचं आणि निळा-काळा रंग दाखवायचा. दुसऱ्या बॅचला मला गरगरलं. माझ्या शिक्षकीत पहिल्यांदा मी मुलांसमोर खाली बसले. मागच्या बाकावरचा एक मुलगा काही न विचारता खुर्ची घेऊन आला आणि पुढचा अर्धा तास ड्रॉपर त्यानेच चालवला.

चौथा दिवस केळ्यांचा. नानांना सकाळी सांगितलं की आज मला आठ केळी लागतील, तर ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. ‘पोरी, आपल्याकडं वाळलेल्या माणसाला केळी देतात अंगावर मांस यावं म्हणून. केळ्यानं कोणी उतरलेलं मी पाहिलं नाही.’ तरी स्वतः ओसरीतल्या घडाची खालची फणी काढून दिली, नीट पिकलेली. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक केळं सोलून मोजलं, १२० ग्रॅम. १०० ग्रॅमला साधारण ९० किलोकॅलरी धरल्या तर आठ केळ्यांच्या साडेआठशेच्या वर. गाईचं तीन ग्लास दूध म्हणजे आणखी चारेकशे. सगळे मिळून साडेबाराशे. म्हणजे केळ्यांत जादू काहीही नाही. दुसरं काही खायचं नसतं, म्हणून एकूण कमी पडतं, एवढंच. प्रथिनं मोजली तर दिवसभरात ३० ग्रॅम. माझ्या वजनाला ६५ लागतात. पहिल्या तीन दिवसांत तर त्याच्या निम्मीही गेली नव्हती. आणि प्रथिनं कमी पडली की शरीर स्वतःचे स्नायू मोडून भागवतं. कागदावर याबद्दल अक्षरही नव्हतं.

मला मात्र तो दिवस सगळ्यांत सोपा गेला. दूध होतं, गोड होतं, पोट भरलेलं होतं. सहावं केळं संपवताना नाना समोर येऊन बसले आणि या वर्षी भाव काय मिळतोय, सावद्याहून माल दिल्लीकडे कसा जातोय ते बोलत राहिले. मी एकटी खात बसू नये म्हणून ते थांबले होते, हे मला नंतर कळलं.

पाचव्या दिवशी सकाळी वजन १०० ग्रॅमने वाढलेलं. ७५.८ चं ७५.९. एरवी मी खचले असते. पण आता वही होती आणि डोकं ठिकाणावर आलं होतं: केळ्यातून पिष्टमय पदार्थ गेले, थोडं ग्लायकोजेन भरलं, त्याच्याबरोबर पाणी परत आलं. मग तीन दिवसांपूर्वी जे गेलं होतं तेही काय होतं, हे मी स्वतःला सरळ सांगितलं.

पाचवा, सहावा, सातवा दिवस फारसे सांगण्यासारखे नाहीत. मटकीची कमी तेलाची उसळ खाल्ली आणि हात-पायांत जीव आला. कोबीचं सूप डब्यात नेलं, झाकण उघडताच सगळ्या स्टाफरूमला वास गेला, ते मी पुन्हा नेलं नाही. आठव्या दिवशी सकाळी काटा ७४.९. साडेतीन किलो.

मग मी बसून तोही हिशेब केला. माझ्या वयाला, वजनाला आणि कामाला दिवसाला साधारण १९०० किलोकॅलरी लागतात. या आठवड्यात सरासरी हजारभर गेल्या. रोजची तूट ९००, सात दिवसांची ६,३००. एक किलो चरबी जायला सुमारे ७,७०० ची तूट लागते. म्हणजे फार तर ८०० ग्रॅम चरबी. बाकी पावणेतीन किलो पाणी, ग्लायकोजेन, आतड्यातला माल आणि थोडे स्नायू.

सासूबाई त्याला उपासच म्हणायच्या. ‘सुटला का गं उपास?’ म्हणून त्यांनी आठव्या दिवशी शेवभाजी केली, लाल, तर्रीदार. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी एका लग्नात जेवले. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते सात दिवसांच्या उपाशी शरीराला जास्तच लागू पडतं. भूक पोटाची नसते, सगळ्या अंगाची असते. दहा दिवसांनी काटा ७७.४. वहीत मी फक्त आकडा लिहिला.

त्या कागदावर असंही असतं की एकदा झालं की आठवडाभर थांबून पुन्हा करा, चक्र चालू ठेवा. डिसेंबरच्या मध्यावर मी दुसरं चक्र सुरू केलं. या वेळी कमरेचं माप घ्यायचं, मटकी-मूग रोज खायचे, असे माझे बदल होते. आणि इथे जे झालं त्यासाठीच खरं तर मी हे सगळं लिहायला घेतलं आहे.

धाकटी जाऊ आमच्याच घरात, मागच्या खोल्यांत राहते. तिला तीन वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळी नाश्त्याआधी साखरेची गोळी, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. माझे साडेतीन किलो गेलेले तिने पाहिले होते, परत आलेले मी कुणाला सांगितले नव्हते. तिने माझ्याकडून कागदाचा फोटो मागून घेतला, तिला कुणाला तरी पाठवायचा असेल असं मला वाटलं. तिने सरळ माझ्याबरोबर सुरू केलं. पहिल्या दिवशी फळांनी साखर वाढेल म्हणून फळंही बेताचीच खाल्ली. दुसऱ्या दिवशी भाज्या, आणि बटाटा म्हणजे साखर म्हणून तो सोडला. गोळी मात्र रोजच्यासारखी घेतली, कारण गोळी चुकवायची नाही हे तिला पक्कं सांगितलेलं होतं.

साडेअकराच्या सुमारास मी मागच्या अंगणात गेले. ती धुण्याच्या दगडाशेजारी बसलेली, डिसेंबरच्या थंडीत ब्लाउज घामाने भिजलेला, बोटं थरथरत होती. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, ‘ताई, हे कपडे कुणाचे?’ तिच्याच मुलाचा शाळेचा शर्ट हातात होता. मी तिचाच ग्लुकोमीटर आणला. साखर ५२, फारच खाली. माझे हात तिच्यापेक्षा जास्त कापत होते. अर्ध्या ग्लास पाण्यात तीन चमचे साखर ढवळून घोट घोट पाजली, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मोजलं, ६६. परत तेवढीच साखर. त्यानंतर ९०, मग केळं आणि दूध-पोळी. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दर दोन तासांनी रात्रीपर्यंत मोजायला सांगितलं, कारण ही गोळी दिवसभर काम करत राहते आणि एकदा वर आलेली साखर पुन्हा खाली जाऊ शकते. साखर पाजण्याइतकी ती शुद्धीवर होती, हे नशीब. नसती तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा, हेही त्यांनी तेव्हाच बजावलं.

संध्याकाळी ती झोपली आणि मी तिच्या उशाशी बसून होते. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. खाल्लेलं असो वा नसो. हे मला माहीत आहे. तिच्या गोळीचं नावही मला माहीत होतं, कित्येकदा मीच मेडिकलमधून आणलेली आहे. कागदाचा फोटो पाठवताना मी विचारलं नाही, ‘कुणाला हवाय?’ डॉक्टर दुसऱ्या दिवशी रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की खाणं कमी करायचं असेल तर आधी मला सांगा, मी गोळी कमी करतो. गोळी तीच ठेवून ताट काढून घ्यायचं नाही. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी तर तो केळ्यांचा दिवस अजिबात करू नये, एवढं पोटॅशियम त्यांना झेपत नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

पुष्कळांना प्रश्न पडतो तो मलाही कधीकाळी पडला होता: धाकटी ५६ किलोची, माझ्यापेक्षा वीस-बावीस किलोंनी हलकी, मग मधुमेह तिला आधी का? याचं उत्तर आपल्या पुण्यातच शोधलं गेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोघांचा शेजारी शेजारी फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दिसायला बारीक आणि आतून चरबीचा, असा आपला बांधा. तो फोटो मी दर वर्षी वर्गात दाखवते. धाकटीला मी तो त्या आठवड्यात पहिल्यांदा दाखवला. ‘म्हणजे मला वजन नाही, पोट आणि स्नायू बघायचे?’ असं तिने विचारलं. हो. तिला सात दिवस फळं-भाज्यांवर काढून असलेले स्नायूही घालवायचे नव्हते.

दुसरं चक्र मी तिथेच सोडलं. तिसरं केलंच नाही. पण वही टाकली नाही. नाताळच्या सुटीत दोन्ही वेळचे रकाने शेजारी ठेवून वाचले. वजनाचे आकडे वर-खाली. पण भुकेचा रकाना दोन्ही वेळी अगदी सारखा: संध्याकाळी सहा. रोज सहा. एरवी त्या वेळी मी कॉलेजातून येते, डब्यातली शेव वाटीत घेते, उभ्या उभ्या खाते, मग चहा, मग पुन्हा शेव, आणि नऊ वाजता भूक नसताना जेवते. सात दिवस शेव बंद होती म्हणून ती वेळ उघडी पडली. माझं दुपारचं जेवण साडेबाराला डब्यातल्या दोन पोळ्या आणि कोरडी भाजी. वरण नाही, दही नाही. सहापर्यंत भूक लागणारच.

मग जे केलं ते फार साधं आहे. डब्यात पोळी एक आणि त्याबरोबर वाटीभर उसळ किंवा दोन उकडलेली अंडी. एका छोट्या डब्यात दही. सहाला मोड आलेले मूग, कांदा-लिंबू घालून, बसून. चहा दोन कप, बिनसाखरेचा. पंधरा दिवसांत जिभेला सवय झाली. रात्रीचं जेवण आठच्या आत. जेवणानंतर मी आणि धाकटी रावेरच्या रस्त्याला अर्धा तास चालतो. आणि त्या कागदातला सहावा दिवस, भाज्या, पनीर आणि मोडांचा, मी आठवड्यातून दोनदा ठेवला आहे, सोमवारी आणि गुरुवारी. तो दिवस चांगला आहे, हे मला सांगायलाच हवं. भरीत अजूनही मी आधी बिनतेलाचं वाटीभर काढून घेते.

संक्रांतीला तिळगूळ खाल्ला, पुरणपोळीही. फेब्रुवारीत तीन आठवडे काटा ७५.६ वर अडकून बसला. त्या तीन आठवड्यांत मला पुन्हा तो कागद आठवला, खोटं कशाला सांगू. एका आठवड्यात तीन किलोंचा आकडा बघायला मिळतो, त्याची ओढ फार असते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वजन ७३.८, कंबर ९१, एचबीएवनसी ५.८. चार महिन्यांत साडेचार किलोंच्या आसपास. पाच-सहा म्हणाले होते, अजून थोडं बाकी आहे. धाकटीचं वजन एकच किलो उतरलं, पण कंबर पाच सेंटिमीटरने गेली आणि मार्चमध्ये डॉक्टरांनी तिची ग्लिमेपिराइड निम्मी केली. त्यांनी कमी केली, आम्ही दोघींनी आपण होऊन नाही.

गेल्या आठवड्यात स्टाफरूममध्ये इतिहासाच्या मॅडमनी माझ्याकडे तोच कागद मागितला. मुलीचं लग्न मेमध्ये आहे, त्याआधी थोडं उतरवायचंय म्हणाल्या. ‘तुमचे सात दिवसांत किती गेले होते?’ मी म्हटलं, काट्यावर साडेतीन आणि दहा दिवसांनी उरला एक. त्या म्हणाल्या, असू दे, लग्नापुरतं चालेल. मी मोबाइल हातात घेतला, फोटो उघडला, आणि पाठवायच्या आधी विचारलं, ‘मॅडम, तुम्हाला कसल्या गोळ्या चालू आहेत?’

‘एक बीपीची आणि एक ती सकाळची,’ त्या म्हणाल्या आणि पर्सची चेन उघडून चुरगळलेली पट्टी माझ्यापुढे धरली. मी चष्मा लावला आणि आधी तिच्यामागचं नाव वाचलं.